शून्य दाखवणारा मापक : तारापूर ते कैगा

किरणोत्सार मोजणारे उपकरण बिघडले आहे की नाही, हे ओळखण्याची एक जुनी कसोटी अशी की, काटा शून्यावर गेला की त्या उपकरणावर विश्वास ठेवायचा नाही. जमिनीतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम आणि अवकाशातून येणारे वैश्विक किरण यांमुळे पृथ्वीवर सर्वत्र थोडाफार किरणोत्सार असतोच. त्याला पार्श्वभूमी किरणोत्सार म्हणतात. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यातील चकलांब्याची जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकाची, म्हणजे या मूलद्रव्यांच्या बाबतीत गरीबच. केरळच्या थोरियमयुक्त किनारी वाळूपुढे तेथील आकडा किरकोळ ठरेल, तरीही सुस्थितीतील मापक तेथे शून्य दाखवणार नाही. म्हणूनच अणुवीजकेंद्रातील मापकांना दोन इशारे जोडलेले असतात : एक आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर, आणि दुसरा तो पार्श्वभूमीच्याही खाली घसरला तर. हा दुसरा इशारा किरणोत्साराचा नसून उपकरणाच्या मरणाचा असतो.

महाराष्ट्रात या शिस्तीची खरी परीक्षा तारापूरला सुरू झाली. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी 1964 मध्ये करार होऊन उभारलेल्या दोन अणुभट्ट्यांनी 28 ऑक्टोबर 1969 रोजी व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास आरंभ केला. या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या, म्हणजे भट्टीतच तयार झालेली वाफ थेट टर्बाइनकडे नेणाऱ्या. त्यामुळे अवघ्या सात सेकंदांत निम्मा होणारा नायट्रोजन-16 वाफेबरोबर नळांतून धावतो, आणि इंधनकांडीचे आवरण फुटले तर त्यात इंधनातील वायूंची भर पडते. त्या पिढीच्या रचनेत मुख्य वाफनळांजवळ मापकांच्या चार स्वतंत्र वाहिन्या, दोन-दोनच्या जोड्यांत, बसवलेल्या असत आणि दोन्ही जोड्यांतील किमान एकेका वाहिनीने धोका दाखवल्याखेरीज भट्टी बंद पडत नसे. एका वाहिनीच्या खोट्या ओरडीने वीज जाऊ नये आणि एकीच्या मौनाने धोका लपू नये, असा हा दुहेरी बंदोबस्त होता. बिघडलेल्या वाहिनीचे काय करायचे, याचे उत्तरही त्यातच होते : तिने धोक्याचे मत आधीच दिले आहे असे धरून तिला त्या स्थितीत ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या जोडीतील एकाच वाहिनीचा इशारा भट्टी थांबवण्यास पुरेसा होतो. बिघाडाचा भार सुरक्षिततेवर न टाकता वीजनिर्मितीवर टाकणारी ही युक्ती त्या काळातील सर्वांत शहाणी म्हणावी लागेल.

भिंतीवरील साध्या मापकांची गोष्ट याहून कमी भारदस्त, पण रोजच्या कामात तीच अधिक वेळा पुढे येते. एखाद्या खोलीतील मापक बंद पडला की तेथे हेल्थ फिजिक्स विभागाचा, म्हणजे किरणोत्सारापासून माणसांच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या विभागाचा, कर्मचारी हातातील मापक घेऊन मोजणी करतो आणि ती नोंदल्यावरच कामाचा परवाना दिला जातो. चिमणीतून जाणाऱ्या हवेचा मापक बंद पडला तर ठरावीक अंतराने हवेचे नमुने काढून प्रयोगशाळेत तपासावे लागतात. दुरुस्त उपकरण जागी बसवण्यापूर्वी ज्ञात तीव्रतेच्या स्रोतासमोर धरून त्याचा आकडा जुळवून घेतात. यालाच अंशांकन म्हणतात.

शून्यापेक्षाही फसवा बिघाड मात्र वेगळाच. गायगर-म्यूलर नळी प्रत्येक किरणाची नोंद केल्यावर क्षणभर बधिर होते. किरणांचा मारा फार वाढला तर हे बधिर क्षण एकमेकांत मिसळतात आणि आकडा वाढण्याऐवजी उतरू लागतो. म्हणून तीव्र क्षेत्रासाठी आयनीकरण कक्ष, म्हणजे वायूत निर्माण होणारा विद्युतप्रवाह सलग मोजणारे उपकरण, वापरणे भाग पडते. मोजपट्टी तोकडी असणे हाही एक बिघाडच, जरी यंत्र धडधाकट असले तरी. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रातील अपघातात बाहेर जाणाऱ्या हवेच्या मापकाचा आकडा मोजपट्टीबाहेर गेला, आणि त्यानंतर त्या देशात उच्च क्षमतेचे मापक बंधनकारक झाले. चेर्नोबिलला 26 एप्रिल 1986 च्या पहाटे अणुभट्टीतील स्फोटानंतर हाताशी असलेल्या मापकांची मर्यादा तासाला 3.6 रोंटजेन होती. ती कमाल मर्यादाच प्रत्यक्ष मोजमाप समजून वर कळवली गेली, पण प्रत्यक्षात काही जागी तीव्रता हजारो रोंटजेनच्या घरात होती.

भारतात 1983 मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले होते, पण मोजमाप यंत्रणेच्या दुबळेपणाचा सर्वांत कठोर धडा 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा येथे मिळाला. टर्बाइनच्या आगीत केबली जळून सुमारे 17 तास केंद्राची वीज गेली आणि धुरामुळे नियंत्रण कक्ष सोडावा लागला. कितीही वाहिन्या असल्या तरी त्यांच्या केबली एकाच वाटेने जात असतील तर त्या एकच वाहिनी ठरतात, हे तेव्हा उघड झाले. फुकुशिमात 2011 मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले : प्रांतातील 24 स्थिर मापनकेंद्रांपैकी 23 निकामी झाली आणि त्सुनामीच्या लाटेत व्यक्तिगत मापक वाहून गेल्याने काही दिवस कामगारांच्या एका गटाला एकच मापक देण्यात आला. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभर उभारलेल्या पर्यावरणीय मापनाच्या जाळ्यात सौर पॅनेल आणि मोबाइल संदेशवहन यांचा वापर आहे, म्हणजे ही केंद्रे स्थानिक विजेवर विसंबून नाहीत.

या मागोव्यातील एक प्रकरण मात्र उपकरणाच्या बिघाडाच्या व्याख्येतच बसत नाही. कारवारजवळच्या कैगा केंद्रात नोव्हेंबर 2009 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन असलेले, जड पाणी मिसळले गेले. ट्रिटियमच्या बीटा कणांची ऊर्जा इतकी अल्प की ते हवेत काही मिलीमीटरच जातात, त्यामुळे भिंतीवरील गॅमामापकांना, ते पूर्ण निर्दोष असूनही, त्याचा पत्ता लागू शकत नव्हता. घटना उघडकीस आली ती कामगारांच्या मूत्राच्या नियमित तपासणीत, नमुने प्रयोगशाळेत पोहोचल्यावर.