जुन्या कारचे मागचे शॉकअप घरी कसे बदलायचे, आणि त्यात फोन कुठे कामी येतो

स्पीड ब्रेकरवरून गेल्यावर गाडीचा मागचा भाग एकदा खाली-वर होऊन थांबायला हवा. तो डुलतच राहिला, तर मागचे शॉकअप गेले असा पहिला संशय घ्या. मी निघोजे गावात राहतो. घरची गाडी 2012 ची फोक्सवॅगन पोलो, म्हणजे निघोजे-म्हाळुंगे-खराबवाडीच्या शिवारात 2009 ला सुरू झालेल्या प्लांटमधलीच. पोलोचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं, पण जुन्या पोलो अजून भरपूर फिरतात. चाकण-तळेगाव रस्त्यावर ट्रकांच्या मागून खड्डे खात इतकी वर्षं काढली की शॉकअप थकणारच.

आधी एक गोंधळ दूर करू. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगचं नाचणं थांबवतो. त्याच्या आत तेल असतं आणि बारीक छिद्रांचा पिस्टन. तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीने जातं, हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि गाडी शांत होते. सील फाटलं की तेल बाहेर, आणि मग नुसती स्प्रिंग उरते. प्रश्न फक्त कंबरदुखीचा नाही. नाचणारं चाक रस्ता नीट धरत नाही, त्यामुळे खराब रस्त्यावर ब्रेक लावला की गाडी थांबायला जास्त अंतर घेते. मागच्या सीटवर घरचीच माणसं असतात.

आता फोन. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे. ते फोनच्या सेन्सरची मोजमापं ग्राफवर दाखवतं. डिकीत फोन सपाट ठेवा, प्रवेग मोजणारा प्रयोग (गुरुत्वाकर्षण वगळलेला) सुरू करा, गाडीचा मागचा कोपरा जोरात दाबून सोडा. चांगल्या शॉकअपची लाट एक-दीड हेलकाव्यात विझते. आमच्या गाडीच्या डाव्या बाजूला चार लाटा स्पष्ट दिसत होत्या, उजवीकडे तीन. मात्र ग्राफ चांगला आला म्हणून शॉकअप चांगलाच, असं नाही. बुशांच्या घर्षणामुळेही गाडी लवकर थांबते. शॉकअपच्या अंगावर ओलं तेल दिसतंय का, टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजलाय का, हे डोळ्यांनी बघाच.

हे काम घरी करावं का? मागचं, हो. पुढचं, नाही. पोलोसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र जोडलेले असतात. ते सुटे करायला स्प्रिंग दाबून धरावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव घेऊ शकते. मागे मात्र एक आडवा बीम असतो, त्यावर स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. स्प्रिंगला हात न लावता शॉकअप निघतो.

जागा काँक्रीटची हवी. माती किंवा मुरुमावर जॅक रुततो. इथे एक गोष्ट अनेकांच्या डोक्यात येत नाही: हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, आणि तीच चाकं हवेत जाणार आहेत. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चाकांचे नट जमिनीवर असतानाच सैल करा. गाडी उचलली की बॉडीच्या खुणेच्या जागी दोन जॅक स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, ‘दोनच मिनिटं’ म्हणूनसुद्धा नाही. विटा तर नकोतच. स्टँड विकत घ्यायचे नसतील तर ओळखीच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी मागून आणा.

एका वेळी एकच बाजू करा. दुसरा जॅक बीमखाली, स्प्रिंगच्या बैठकीजवळ लावून बीम किंचित उचला. चाक लटकत असताना बीमला शॉकअपनेच धरलेलं असतं, त्यामुळे बोल्टवर ताण असतो. तो ताण उतरला की खालचा बोल्ट हाताने फिरू लागतो. गंजला असेल तर आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-40 मारून ठेवा. खोलण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. कुठला वॉशर कुठे होता हे संध्याकाळी आठवत नाही. बीम खाली सोडताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, यावर एकाने नजर ठेवावी. माझा धाकटा भाऊ टॉर्च घेऊन तेवढंच काम करत होता.

नवीन शॉकअप जोडीनेच घ्या. चासी नंबर सांगितला की दुकानदाराला नेमका पार्ट काढता येतो. बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर चुरा झालेले असतात, तेही सोबत बदला. बसवण्याआधी शॉकअप उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडा, म्हणजे आडवा पडून आत अडकलेली हवा वर येते.

खालचा बोल्ट कधी आवळायचा, यावर सगळ्या कामाचं आयुष्य ठरतं. तो रबरी बुशमधून जातो. चाक लटकत असताना पूर्ण आवळला, तर बुश त्या स्थितीत जाम होतो. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून आधी बोल्ट हलकाच लावा, जॅकने बीम नेहमीच्या उंचीला आणा, आणि मगच टॉर्क रेंचने आवळा. टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजाने नको. काही बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर आणखी काही अंश फिरवायचे असतात. ते ताणले जातात, म्हणून पुन्हा वापरत नाहीत. नवे आणा.

बीमचे पुढचे मोठे बुश गेले असतील (खड्ड्यात ‘धप्प’ असा जाड आवाज येतो), तर ते गॅरेजवर सोपवा. त्यांना प्रेस लागतो, हातोड्याने ते नीट बसत नाहीत.

जुना शॉकअप भंगारात देताना त्यात गॅस दाबाखाली असू शकतो हे सांगा, आणि कापायला किंवा तापवायला स्वतः जाऊ नका. आम्ही दोन्ही बाजू झाल्यावर फोन पुन्हा डिकीत ठेवला: दोन्हीकडे एकच लाट, आणि तिची शेपटी. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा.