पर्समधले पिस्तूल

२०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर विक्रीस काढले. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये सहज मावते, ही त्याची ख्याती.

पण पर्स ही जागा योग्य का? पुरुष कमरपट्ट्याला होल्स्टर अडकवतो. साडीला पट्टा कुठला हो! म्हणून पर्सच सोयीची वाटते. अमेरिकेत तर पिस्तुलासाठी निराळा चोरकप्पा असलेल्या पर्सही मिळतात. तशीच एक पर्स ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातल्या हेडन गावी, दुकानातल्या ढकलगाडीत ठेवलेली होती. गाडीत त्या बाईचा दोन वर्षांचा मुलगा. त्याचा हात कप्प्यात गेला, चाप ओढला गेला, आणि आई जागीच गेली. तिच्यापाशी रीतसर परवाना होता.

तेव्हा बाळगायचेच, तर अंगाशी बांधलेले बरे. पोटाभोवती साडीच्या आतून बांधता येईल असा रुंद पट्टा, आणि त्यात चाप पुरता झाकणारे होल्स्टर. किंचित अवघडल्यासारखे होते खरे. पण पर्स हिसकावली जाते, विसरली जाते, तसे याचे होत नाही.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतोच. शिवाय २०१६ च्या नियमांप्रमाणे चारचौघांत हातशस्त्र पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात पाहिजे. आता एसटीत डुलकी लागली आणि पर्स बाकावर आहे. ताबा कुणाचा म्हणायचा?