धीर आणि ताळ्मे

गेल्या मे महिन्याची सुट्टी मी इंदूरला, सुदामा नगरमध्ये आत्याकडे काढली. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, यांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला व वाचा गेली. जन्मभर हिशेबनीस म्हणून काम केलेल्या या माणसाला आता ‘पाणी’ एवढा शब्द उच्चारायला अर्धे मिनिट लागते. मी स्वतः हिशेबशास्त्राच्या पेपरात नापास होऊन गेलो होतो; मन थाऱ्यावर नव्हते. मामा शब्द शोधू लागले की मीच तो बोलून टाकी. एकदा आत्या म्हणाली, “अरे, त्यांचा शब्द त्यांना काढू दे. तू धीर धरलास तरच ते बोलतील.”

मला ते लागले. आम्ही ख्रिस्ती. रविवारच्या शाळेत ‘धीर धरा’ हे शेकडो वेळा ऐकलेले. पण धीर म्हणजे नक्की काय, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. त्या सुट्टीत जे वाचले आणि समजले, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. आपण ज्याला सरसकट धीर म्हणतो त्यासाठी तेथे मुख्यतः दोन शब्द आहेत. पहिला ‘माक्रोथुमिया’. याचा अर्थ लवकर न चिडणे, दुसऱ्याला वेळ देणे. दुसरा ‘हुपोमोने’. याचा शब्दशः अर्थ खाली टिकून राहणे. ओझे अंगावर असताना जागा न सोडणे. माझी आई कन्नड बोलणारी, त्यामुळे हा दुसरा शब्द मला चटकन कळला. कन्नडमध्ये धीराला ‘ताळ्मे’ म्हणतात. ‘ताळु’ म्हणजे सोसणे, तग धरणे. ‘ताळिदवनु बाळियानु’, जो सोसतो तो जगतो, ही म्हण आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नकोच. मामांशी वागताना मला पहिल्या प्रकारचा धीर हवा होता. मामांना स्वतःला दुसऱ्या प्रकारचा.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हे दोन्ही शब्द जवळजवळ येतात. पहिला पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी आणि दुसरा ईयोबासाठी. येथे मी अडखळलो. ईयोबाने मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावले हे खरे. पण तो गप्प कोठे बसला? त्याच्या ग्रंथाचा मोठा भाग म्हणजे त्याची तक्रारच आहे. तो देवाला जाब विचारतो. तरीही याकोब त्याचेच उदाहरण देतो. याचा अर्थ असा की धीर म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. ईयोब रडला, भांडला. पण देवाशी बोलणे त्याने सोडले नाही. तो जागेवर राहिला.

आता वाढीविषयी. मार्काच्या चौथ्या अध्यायात येशूने सांगितलेला एक लहानसा दाखला आहे, जो इतर तीन शुभवर्तमानांत नाही. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी उगवते आणि वाढते, ते कसे हे त्याला ठाऊक नसते. आधी अंकुर, मग कणीस, मग भरलेला दाणा. आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना 31 मार्चला ताळेबंद जुळलेला पाहण्याची सवय. आत्मिक वाढीला असे वर्षअखेर नाही. रोज माती उकरून अंकुर पाहणाऱ्याचे बी मरते. पण दाखल्यातला माणूस आळशी नाही, हेही ध्यानात घ्यावे. तो पेरतो आणि पीक तयार होताच विळा घालतो. मधला काळ तेवढा त्याच्या हातात नाही.

हा मधला काळ कसा काढावा, याचे आपल्या भाषेतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा जन्म 1858 साली गंगामूळ येथे, आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या अरण्यात झाला. संस्कृतच्या या विदुषीने खेड्यातल्या बायकांनाही कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचे ठरवले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व दशकाहून अधिक काळ हे काम करीत राहिल्या. छपाई केडगावच्या मुक्ति मिशनमधल्या स्त्रियांनी केली. 1921 साली रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा वारली. तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या; संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात बाहेर पडला. पेरणारीने भरलेले कणीस पाहिले नाही, पण बी वाया गेले नाही.

राहता राहिले रहस्य. पौलाच्या पत्रांत ‘मुस्तेरियोन’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ कोडे असा नाही. कोडे सुटले की संपते. पौलाचे रहस्य म्हणजे जे देवाच्या मनात पूर्वीपासून होते आणि योग्य वेळी त्याने स्वतः उघड केले ते. उघड झाल्यावरही ते आटत नाही. मात्र सर्वच उघड होते असे नाही. ईयोबाला शेवटी देव भेटला, पण ‘हे दुःख मलाच का?’ याचे उत्तर मिळाले नाही. मामांच्या बाबतीत हाच प्रश्न मी आत्याला विचारला. ती म्हणाली, “मला ठाऊक नाही. रोज सकाळी मी त्यांच्याजवळ बसते, एवढं ठाऊक आहे.”

निघायच्या आदल्या दिवशी मी मामांसमोर बसलो. ते माझे नाव काढू पाहत होते. ओठ हलत, थांबत, पुन्हा हलत. मी या खेपेस मध्ये बोललो नाही. पहिले अक्षर आले. पुढचे आले नाही. मामा हसले. ऑक्टोबरात मी पुन्हा परीक्षेला बसणार आहे, आणि त्यानंतर सुदामा नगरला जाणार आहे. उरलेली अक्षरे ऐकायची आहेत.