विजयदुर्गाचा हीलियम

विजयदुर्ग किल्ला दाखवताना गाइड तटबंदी दाखवतो, बुरूज दाखवतो आणि ‘साहेबाचे ओटे’ दाखवल्याशिवाय काही सोडत नाही. नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी याच ओट्यांवर दुर्बीण मांडून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हीलियमचा शोध लावला, असं तो सांगतो. वर्तमानपत्रांतून ही गोष्ट दरवर्षी छापून येते आणि त्या तारखेला किल्ल्यावर हीलियम दिनही साजरा होतो.

कोकणी माणसाला या गोष्टीत एक शंका यायला हवी. ती श्रावणातली अमावास्या होती. ऐन पावसाळ्यात, लंडनहून नाजूक काचा आणि लोलक घेऊन, सूर्य पाहायला कुणी देवगडच्या किनाऱ्यावर येईल का?

कुणी आलंही नव्हतं. ग्रहणाची सावली या किनाऱ्यावरून पूर्वेकडे सरकली हे खरं. पण ग्रहण पाहायला आलेल्यांनी घाट ओलांडून पलीकडचा, कमी पावसाचा मुलूख निवडला होता. फ्रान्सचा जान्सेन आणि ब्रिटिश मेजर टेनंट गुंटूरला होते. मद्रास वेधशाळेचा प्रमुख नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला होता, तर त्याचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला. आणि सर्वेक्षण खात्यातला लेफ्टनंट जॉन हर्शेल, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात तळ ठोकून होता. तिथेही ढगांनी त्याला छळलंच. खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक टिकली, पण त्याच्या वाट्याला ढगांतल्या फटीच आल्या.

लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. तो युद्ध खात्यात कारकून होता आणि खगोलशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. त्याला हवं असलेलं उपकरण अजून कारागिराकडेच पडून होतं.

पिवळी रेषा

हे सगळे नेमकं काय पाहायला निघाले होते? खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या तबकडीच्या कडेने लालसर ज्वाळा दिसतात. त्या कशाच्या, हा प्रश्न होता. १८५९-६०च्या सुमारास किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं होतं, की प्रत्येक मूलद्रव्याच्या तप्त वायूचा प्रकाश लोलकातून पाहिला, तर त्या मूलद्रव्याच्या ठरावीक रंगीत रेषाच दिसतात. १८६८चं ग्रहण ही युक्ती या ज्वाळांवर लावून पाहण्याची पहिली मोठी संधी होती.

रेषा दिसल्या. ज्वाळा तप्त वायूच्या आहेत आणि त्यात हायड्रोजन आहे, हे ठरलं. शिवाय एक ठळक पिवळी रेषाही होती. सोडियमची सुप्रसिद्ध जोडरेषा तिथेच असते, म्हणून हर्शेलने जमखंडीत ती सोडियमचीच मानली. पॉगसनने मात्र आपल्या अहवालात ती सोडियमच्या जागी ‘किंवा जवळपास’ असल्याची शंका नोंदवली. अहवाल मद्रासकडेच राहिला आणि युरोपात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

गुंटूरला जान्सेनला वेगळंच काही सुचलं. या रेषा इतक्या तेजस्वी आहेत, तर त्या पाहायला ग्रहण हवंच कशाला? आकाशाचा झगमगाट लोलकातून पसरला की फिका होत जातो. पण वायूची रेषा एकाच जागी ठळक राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी, भर उन्हात, त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा पाहिल्या आणि पुढे सतरा दिवस तो त्या पाहत राहिला. नव्या मूलद्रव्याचा दावा मात्र त्याने केला नव्हता.

हीच कल्पना लॉकियरने १८६६मध्येच मांडली होती. त्याचं उपकरण अखेर १६ ऑक्टोबर १८६८ रोजी हाती आलं आणि २० ऑक्टोबरला त्यालाही ग्रहणाविना ज्वाळांच्या रेषा दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली. श्रेय कुणाला द्यायचं, हा वाद फ्रेंचांनी दिलदारपणे मिटवला. त्यांनी दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं.

आता ग्रहणाची घाई नव्हती. लॉकियरने पिवळी रेषा शांतपणे मोजली. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, ही ५८७.६वर होती. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडच्या मदतीने त्याने हायड्रोजनकडून ती काढून पाहिली. काही केल्या जमेना. म्हणून सूर्यावर एखादं अनोळखी मूलद्रव्य असावं, असं तो म्हणू लागला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हीलियम म्हटलं गेलं. अनेक रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. जे बाटलीत भरता येत नाही ते मूलद्रव्य कसलं?

सत्तावीस वर्षांनी

बाटलीत ते मार्च १८९५मध्ये आलं. लंडनमध्ये विल्यम रॅम्से आर्गॉन वायूच्या शोधात क्लेव्हाइट हे युरेनियमयुक्त खनिज आम्लात उकळत होता. निघालेल्या वायूत त्याला अनपेक्षित पिवळी रेषा दिसली. विल्यम क्रुक्सने ती मोजली आणि ती सूर्यावरचीच निघाली. अमेरिकेत हिलेब्रँडने काही वर्षं आधी अशाच खनिजातून हा वायू काढला होता, पण तो नायट्रोजन समजून बाजूला ठेवला होता. युरेनियमच्या दगडात हीलियम येतो कुठून, याचा उलगडा पुढे रुदरफोर्डने केला. किरणोत्सारी अणूंतून बाहेर पडणारे आल्फा कण म्हणजे हीलियमचेच गाभे. आज एमआरआय यंत्रातलं चुंबक उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवणारा द्रव तो हाच.

मग लॉकियर विजयदुर्गावर आला कधी?

आला होता, पण १८९८ साली. २२ जानेवारीच्या खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गावरून सोलापूर जिल्हा आणि विदर्भ ओलांडत ईशान्येकडे गेली. महिना थंडीचा, आकाश निरभ्र आणि जड उपकरणं बोटीने थेट किल्ल्याच्या पायथ्याशी आणायची सोय. आता सर नॉर्मन झालेल्या लॉकियरच्या मदतीला ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेचे खलाशी होते. त्यांनी तालमी करून उपकरणं चालवली. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, पण वर्णपटांची छायाचित्रं उत्तम मिळाली. साहेबाच्या ओट्यांचं नातं जुळतं ते या मोहिमेशी. हीलियम तेव्हा प्रयोगशाळेत येऊन तीन वर्षं झाली होती.

याच ग्रहणासाठी जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल आला होता आणि त्याच गावात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली तुकडी घेऊन उतरले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती. तिथली वीस इंची दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली. परदेशी पाहुण्यांच्या बरोबरीने वर्णपट टिपणाऱ्या या पुणेकर शास्त्रज्ञाचं नाव आज मराठी वाचकाला क्वचितच आठवतं.

गोष्ट चुकली कशी, हे समजण्यासारखं आहे. एकच माणूस, दोन ग्रहणं आणि दोन्हींची सावली त्याच किनाऱ्यावरून गेलेली; तीस वर्षांचं अंतर लोकांच्या सांगण्यात सहज गळून पडतं. पण दुरुस्तीने विजयदुर्गाचं काही कमी होत नाही. १८ ऑगस्टवर गुंटूरचा, मछलीपट्टणचा आणि मराठी राज्यकर्त्यांच्या जमखंडीचा हक्क आधी पोचतो. त्या दिवशी किल्ल्यावर व्याख्यान झालं, तर पॉगसन आणि हर्शेल यांची नावं त्यात यायला हवीत. आणि विजयदुर्गाला स्वतःचा असा दिवस हवा असेल, तर २२ जानेवारी मोकळाच आहे. शिवाय त्या दिवशी पाऊसही नसतो.