ध्यानाने मेंदू बळकट होतो काय?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ध्यान ही गोष्ट कोणाला नवी नाही. कोणी पहाटे डोळे मिटून नाम घेतो. कोणी श्वासाकडे लक्ष लावून बसतो. तुकोबांची पालखी आपल्या दोन्ही तालुक्यांतून जाते, तेव्हा चालता चालता विठ्ठलनामात रंगलेली माणसे आपण पाहतो. नामाने मन शांत होते, असे ही मंडळी सांगतात. त्यांचा तो अनुभव आहे.

पण अलीकडे त्याच्याही पुढचे बोलणे कानी येते. ध्यान करा, विसरभोळेपणा जाईल. ध्यान करा, मेंदू म्हातारा होणार नाही. मग गोळ्या कशाला हव्यात? हे कितपत खरे आहे? शास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली आहे. ती कशी घेतली आणि तीत काय आढळले, ते आपण पाहू.

मेंदूचे काम दिसते कसे?

मेंदू कवटीच्या आत असतो. मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम भरते. त्याच्या पेशी अगदी बारीक विजेच्या साहाय्याने एकमेकींना निरोप देतात. १९२४ साली हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने ही वीज डोक्याच्या बाहेरून टिपली. डोक्याला तारा लावायच्या आणि यंत्राने कागदावर रेघ काढायची. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला, की त्या रेघेवर सेकंदाला ८ ते १३ लाटा उमटतात. मोठा आवाज झाला, की त्या लाटा मोडतात.

त्याच १९२४ साली आपल्या पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था काढली. योगाविषयी नुसते बोलू नये, तो मोजून पाहावा, असे त्यांचे मत होते. प्रयोगांची माहिती देण्यासाठी त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू केले.

पुढे दिल्लीच्या मोठ्या सरकारी वैद्यकीय संस्थेत डॉक्टर आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योग्यांच्या डोक्याला तारा लावल्या. ध्यान चालू असताना प्रखर उजेड पाडला, मोठा आवाज केला, गरम नळी अंगाला लावली. तरी त्या शांत लाटा मोडल्या नाहीत. ध्यान नसताना मात्र मोडल्या. दोघा योग्यांनी तर बर्फासारख्या थंड पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवला. हा अहवाल १९६१ साली छापला गेला. ध्यानाच्या वेळी मेंदूचे काम बदलते, हे त्यातून दिसले. पण हे योगी अगदी थोडे होते आणि वर्षानुवर्षे साधना केलेले होते. तुमच्या-आमच्यासारख्या संसारी माणसाचे काय?

दोन वाफ्यांची गोष्ट

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. नवे खत आले आणि आपण ते सगळ्या रानात टाकले. पीक चांगले आले. ते खताने आले, की पावसाने? सांगता येत नाही. म्हणून शहाणा शेतकरी दोन वाफे घेतो. बी तेच, पाणी तेवढेच. एकात खत, दुसऱ्यात नाही. मग दोन्हींची तुलना करतो.

माणसांचेही तसेच. ध्यान करणारा माणूस पुष्कळदा दारू पीत नाही, वेळेवर झोपतो, वेळेवर जेवतो. त्याचा मेंदू चांगला दिसला, तर श्रेय कोणाला द्यावे? म्हणून चिठ्ठ्या टाकून माणसांचे गट पाडतात.

फ्रान्स देशातील काँ या शहरी असाच प्रयोग झाला. पासष्टीच्या पुढची १३७ निरोगी माणसे घेतली. त्यांचे तीन गट पाडले. एका गटाने १८ महिने ध्यान केले. दुसरा गट तितकाच काळ इंग्रजी शिकला. तिसऱ्या गटाला नवे काहीच दिले नाही. २०२२ साली निकाल आला. मेंदूच्या ज्या भागांवर लक्ष ठेवले होते, त्यांच्या आकारात गटागटांत ठळक फरक पडला नव्हता. मात्र लक्ष आवरणे आणि भावना सांभाळणे, यांत ध्यानाचा गट इंग्रजी शिकणाऱ्या गटाच्या पुढे होता.

त्याआधी २०१४ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी असे ४७ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत साडेतीन हजारांवर माणसे होती. चिंता, उदासपणा आणि दुखणे यांत ध्यानाने थोडा आराम पडतो, असे त्यांना आढळले. लक्ष किंवा झोप सुधारते, असा भक्कम पुरावा मात्र मिळाला नाही.

मग आपण काय करावे?

ध्यान जरूर करावे. त्याला पैसा पडत नाही. पाठ सरळ ठेवून बसा आणि श्वासाकडे लक्ष द्या. मन पळाले तर रागावू नका, त्याला परत आणा. रोज दहा मिनिटे पुरे. शांत मनाने केलेले काम बरे होते. ध्यानात कोणाला भीती वाटू लागली किंवा भास होऊ लागले, तर मात्र थांबावे आणि डॉक्टरांना सांगावे.

पण ध्यान हे औषधाच्या जागी घेऊ नये. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करणे हे मेंदूला घातक आहे. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, कमी ऐकू येणे, एकटेपणा आणि लहानपणी सुटलेली शाळा, यांमुळे म्हातारपणी बुद्धी खचण्याचा धोका वाढतो, असे जगातील तज्ज्ञ २०२४ साली सांगून गेले आहेत.

घरातले म्हातारे माणूस ओळखीची वाट चुकू लागले, बाजारचा हिशेब त्याला जमेना, तोच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारू लागले, तर "वयच झालं आता" म्हणून गप्प बसू नका. त्याला सरकारी दवाखान्यात न्या. कधी जीवनसत्त्व कमी पडलेले असते, कधी गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा दोष असतो, कधी मनाची उदासी असते. यांवर उपचार आहेत. पण त्यासाठी वेळेवर जायला हवे.

डोळे मिटून बसा, मन शांत होईल. आणि डोळे उघडलेत, की घरातल्या म्हाताऱ्यांकडेही नीट लक्ष द्या.