चाळणीतून उतरलेले ग्रहण

दिनांक 16 फेब्रुवारी 1980 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा रायचूरवरून गेला. त्याच्या उत्तरेकडील उमरग्यात ते खंडग्रास होते. त्या दुपारी देशभर कितीतरी घरांची दारे लोटलेली राहिली.

25 ऑक्टोबर 2022 चे ग्रहण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी आले. उमरग्यातून ते पंचांगातील शब्दांत ‘ग्रस्तास्त’ होते. ग्रहण सुटण्यापूर्वीच सूर्य मावळला. सूर्याकडे पाहू नये, ही वडीलधाऱ्यांची आज्ञा नेत्रवैद्यकालाही मान्य आहे. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. इजा झाल्याचे काही तासांनी उमगते. मात्र सूर्याकडे न पाहणे आणि ग्रहणच न पाहणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

स्वयंपाकघरातील पिठाची नव्हे, मोठ्या भोकांची धान्याची चाळण घ्यावी. सूर्य मावळतीला असल्याने प्रतिमा जमिनीवर न पडता पश्चिमाभिमुख भिंतीवर पडतात. दोन मीटर अंतरावर प्रत्येक छिद्रातून सुमारे दोन सेंटीमीटरचे, कडेला कुरतडल्यासारखे सूर्यबिंब उमटते. पाठ सूर्याकडे, दृष्टी भिंतीकडे. छायाचित्रही भिंतीचेच घ्यावे. मोबाईल थेट सूर्यावर रोखल्यास बहुधा पांढरा डागच मिळतो. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे प्रमाणित सौरगाळणी हवीच. तिच्याविना दृश्यदर्शकातून पाहणे सर्वांत घातक. धुरकट काच वा क्ष-किरणांची फिल्म यांवरही विसंबू नये.

पावसाळी ढगांनी वाट दिली, तर 2 ऑगस्ट 2027 रोजी दुपारनंतर हीच चाळण पुन्हा गच्चीवर न्यावी लागेल.