केळीचे पांघरूण



सत्यनारायणाच्या पूजेला चौरंगाला बांधलेले केळीचे खुंट पाहून पुष्कळ जण विचारतात, "काकू, इंग्लंडच्या थंडीत केळ जगते कशी?" म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या परसात तीन प्रकारच्या केळी आहेत. तिन्ही शोभेच्या. बाजारातल्यासारखा खाण्याचा घड त्यांच्याकडून मिळत नाही, हे आधीच सांगते.

पहिली 'मुसा बासजू'. तिला जपानी केळ म्हणतात, पण मूळची दक्षिण चीनची. पूजेचे खुंट आणि पाने हिचीच. केळीचे खोड म्हणजे लाकूड नव्हे, एकावर एक गुंडाळलेली सोपटे. त्यात पाणी भरलेले असते, म्हणून कडक थंडीत ते गोठते आणि सडते. खरा जीव जमिनीतल्या कंदात. कंदावर पालापाचोळ्याचा जाड थर असला की उणे १० अंशांच्या आसपासची थंडीही तो सोसतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर नवे कोंब वर येतात.

दुसरी 'मुसा व्हेलुटिना', आपल्या आसामकडची. हिचे केळफूल वर तोंड करून उभे राहते. केळी बोटाएवढी, गुलाबी, मखमली लव असलेली. पिकली की साल आपोआप उलगडते. गर गोड असतो, पण आत टणक बिया! दात सांभाळायचे असतील तर नुसते पाहावे. ही मी कुंडीत लावते आणि ऑक्टोबरमध्ये घरात घेते.

तिसरी लालसर पानांची 'एन्सेट', मूळची आफ्रिकेतली. इथियोपियात हिच्या जातीचा कंद आणि खोड आंबवून भाकरी करतात. हिला मुनवे फुटत नाहीत आणि दहिवर मुळीच सोसत नाही, म्हणून हीसुद्धा आत येते. सह्याद्रीतली रानकेळ हिची सख्खी बहीण. पावसाळ्यात कड्याकपारीत वाढते, नंतर वाळते आणि कंदाच्या रूपाने जमिनीत दबा धरून बसते.

बासजू लावायची तर दक्षिणेकडची, वारा अडवणारी भिंत पाहावी, नाहीतर पानांच्या चिंध्या होतात. उन्हाळ्यात भरपूर पाणी आणि कुजलेले खत द्यावे. पहिल्या कडक दहिवराने पाने काळी पडली की ती कापावीत, खोडाभोवती तारेची जाळी उभी करून आत सुका पेंढा भरावा आणि वरून पाऊस जाणार नाही असे झाकावे. एप्रिलमध्ये हळूहळू उघडावे.

हे पांघरूण घालण्याचे काम आमचे 'हे' करायचे. ते गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला ते जमले नाही. खोड पार सडले. मी केळ गेलीच असे धरले होते, पण जूनमध्ये कंदातून तीन कोंब आले.

गेल्या वर्षी मंदिरातली दोन मुले जाळी बांधायला आली. चहाला आत बसली तर अंगातले जॅकेट काढेनात. एकाने हळूच विचारले, "काकू, हीटर बंद आहे का?" बंदच होता. बिलाच्या धास्तीने मी एका खोलीत दोन शाली घेऊन बसत असे आणि कुणाला सांगायची लाज वाटत होती. मी केळीला पेंढा घालत होते आणि स्वतः कुडकुडत होते. पुढच्या आठवड्यात सेवा समितीच्या ताईंनी माझ्याजवळ बसून पेन्शन क्रेडिटचा अर्ज भरला. तो मंजूर होईपर्यंतचे बिल मंदिराच्या सेवा निधीतून भरले गेले. हे लिहायलाही संकोच वाटतो, पण माझ्यासारखे आणखी कुणी असेल, म्हणून लिहिते.

यंदाही ही मुले एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी फेरी मारणार आहेत. आपले नाव कार्यालयात द्यावे. बागेचे काम असो वा नसो, चहाचे निमित्त पुरे. ज्यांना शक्य आहे त्यांनी सेवा निधीला यथाशक्ती हातभार लावावा.

मे अखेरीस मी बासजूचे मुनवे काढणार आहे. हवे असतील त्यांनी आताच नाव नोंदवावे. मुनव्याचे मोल नाही. जे द्यावेसे वाटेल ते निधीच्या पेटीत टाकावे.

आपली,
परसातली केळीवाली काकू